वरच्या तीन पायऱ्या

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पडेगावच्या त्यांच्या शेडमध्ये क्लॅम्प शोधत होतो. लोखंडाचे दोन तुकडे वेल्डिंग करण्याआधी एकमेकांना आवळून धरायला लागतात, ते क्लॅम्प. शेडमध्ये सहा होते आणि सहाच्या सहा गायब. मामा तीन आठवडे दवाखान्यात पडून, शेडची किल्ली माझ्याकडे, मग क्लॅम्पना काय पाय फुटले? मी वैतागलो होतो. मनातल्या मनात मामांनाच बोल लावत होतो, की कुणाला तरी वापरायला दिले असतील आणि परत मागायची भीड वाटली असेल, माणूसच तसा... तेवढ्यात मंगलचा, माझ्या बायकोचा, फोन आला. ‘‘मामा गेले. तुम्ही या,’’ एवढंच म्हणाली. दुपारचे तीन वाजले होते. शेडला कुलूप लावून मी दौलताबाद रोडला लागलो, तरी काही वेळ माझ्या डोक्यात क्लॅम्पच होते. याची आता लाज वाटते. ते कुठे होते हे मला तेराव्याच्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून मी धड जेवलेलो नाही की झोपलेलो नाही.

विठ्ठलमामा हे मंगलचे सख्खे मामा. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत त्यांचे वडील गावची शेती भावांवर सोडून शहरात आले आणि बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायच्या कामाला लागले. मामा लहानपणापासून त्याच आवाजात वाढले. पुढे त्यांनी वेल्डिंगचं मशीन घेतलं, पडेगावला घराला लागून पत्र्याची शेड टाकली आणि चाळीसेक वर्षं खिडक्यांच्या जाळ्या, दारं, जिने, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असं काय काय जोडत राहिले. माझा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. मी वाळूजच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं स्टोअर्समध्ये होतो. नटबोल्ट मोजून देणं आणि मोजून घेणं यात माझी हयात गेली. मग एक दिवस आमचा विभागच बंद झाला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी घरी बसलो. घरी बसलेला पुरुष घरातल्या सगळ्यांवर चिडतो, तसा मीही चिडत होतो. शेवटी मंगल मामांकडे गेली आणि म्हणाली, यांना तुमच्या हाताखाली घ्या.

हाताखाली घ्या म्हणणं सोपं होतं. पण मी पडलो जावई. मंगलच्या माहेरी जावयाचा मान म्हणजे काय असतो ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी मी अंगणात आलो की मामा हातातलं काम टाकून उभे राहायचे. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही, कायम ‘पाव्हणे’. शेडमध्ये त्यांनी माझ्यासाठी एक खुर्ची आणून ठेवली, तिच्यावर धुतलेला टॉवेल टाकला. काळ्या धुरानं माखलेल्या त्या शेडमध्ये तो पांढरा टॉवेल रोज बदललेला असायचा. शिकायला आलेला माणूस खुर्चीत आणि शिकवणारा उकिडवा, असं आमचं सुरू झालं. मला तेव्हा त्यात गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. कंपनीनं घरी पाठवलेल्या माणसाला कुणीतरी उठून उभं राहतंय याचं अप्रूप असतं.

पहिल्या दिवशी वेल्डिंगचा रॉड चिकटला. नवशिक्याचा चिकटतोच. रॉडचं टोक लोखंडाला लावून चटकन उचलायचं असतं. मी ते दाबून धरलं. रॉड तिथंच रुतला, लाल व्हायला लागला, मशीन घुमायला लागलं आणि मी घाबरून मागे सरलो. मामांनी होल्डर धरून मनगटाला एक झटका दिला, रॉड सुटला. काडेपेटीवर काडी ओढतो तसं ओढायचं, असं त्यांनी दाखवलं. मग रॉडकडे बघत म्हणाले, ‘‘ह्या रॉडातच कायतरी खोट दिसायलीय.’’ त्याच आठवड्यात मी डोळ्यांपुढे काच धरायच्या आधीच ठिणगी पाडली, एकदा नाही, दहादा. संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. मामींनी बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या आणि मामा पलीकडे असे बसून राहिले, जणू गुन्हा त्यांनीच केला होता. मंगलला फोनवर सांगत होते, काच जुनी झाली हाय, पाव्हण्यांचा काय दोष नाय.

पावसाळ्यात माझ्या जोडांवर बारीक बारीक भोकं पडायला लागली. कारण उघड होतं. रॉडचं पाकीट मी उघडं टाकून जायचो, त्यात ओल शिरायची, आणि लोखंडावरचा गंज न घासताच मी जोड मारायला बसायचो. मामा म्हणाले, यंदा हवाच लई दमट हाय. दुसऱ्या दिवसापासून पाकीट चुलीजवळच्या फळीवर दिसायला लागलं, पण मला त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. जोडाच्या कडेनं लोखंड कुरतडल्यासारखी चर पडायची. करंट जास्त ठेवला की पडते. मामा म्हणाले, लाइट वरखाली व्हायलीय. अशा रीतीनं दोन वर्षांत माझी एकही चूक झाली नाही. चुकली ती हवा, चुकले ते रॉड, चुकलं ते लोखंड.

मला खरी भीती होती ती भोकाची. पातळ पाइपावर करंट जरा जास्त झाला की पाइप जळून आरपार भोक पडतं, आणि ते बघणाऱ्याला लगेच दिसतं. दोन-तीनदा तसं झाल्यावर मी करंट खाली आणला आणि खालीच ठेवला. मग भोकं पडेनात. जोड कसा छान गोल, शिवणीसारखा वर उठून दिसायचा. तो मी ग्राइंडरनं घासायचो, खाचाखोचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचो, वर लाल ऑक्साइडचा हात मारायचो, आणि बोट फिरवलं तर जोड कुठं आहे ते कळायचं नाही. करंट कमी असला की वितळलेला धातू आत शिरत नाही, वर नुसता बसतो, आत फट तशीच राहते... हे मला आज कळतं. तेव्हा मी काम मामांपुढे ठेवायचो. ते चिपिंगच्या हातोडीनं हलकेच ठोकायचे, मान तिरकी करून ऐकायचे, आणि थोडं थांबून म्हणायचे, ‘‘दिसायला लई देखणं झालं, पाव्हणे.’’ मी खूश व्हायचो. दारात उभ्या असलेल्या मामी मात्र अशा वेळी आत निघून जायच्या.

सहा वाजले की मामा मला गुळाचा खडा द्यायचे. दिवसभराचा धूर गुळानं उतरतो असं सगळे वेल्डर मानतात. गूळ खाऊन मी घरी निघायचो. मामा म्हणायचे, व्हा तुमी म्होरं, मी आवरून येतो. मला कधी विचारावंसं वाटलं नाही, की एवढं काय आवरतात. सकाळी येऊन बघावं तर आदल्या दिवशी मी रंगवून वाळवलेली जाळी पुन्हा ओली असायची. विचारलं तर म्हणायचे, रंगाचा एक हात आजून मारला. त्यांचा खोकला त्या हिवाळ्यापासून वाढला. तो कोरडा, खोल खोकला पत्र्याच्या शेडमध्ये घुमायचा.

एकदा एक जण ट्रॉलीचा तुटलेला हूक घेऊन आला. दुसऱ्या कुणीतरी जोडलेला होता. भरलेली ट्रॉली चढावर सुटली आणि मागे चालणाऱ्या माणसाचा पाय गेला होता. मामांनी तो हूक बराच वेळ हातात फिरवला. तुटलेल्या ठिकाणी कडेला तेवढी चमक होती, मधे सगळं काळं, म्हणजे आत जोड बसलाच नव्हता. दोन वर्षं चालला की हो, असं तो माणूस पुन्हा पुन्हा म्हणत होता. तो गेल्यावर मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘वंगाळ जोड लगीच तुटत नाय, पाव्हणे. तो माणूस बघून तुटतो.’’ मला वाटलं, ते त्या हुकाबद्दल बोलतायत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी मामा छातीच्या दुखण्यानं बारा दिवस अंथरुणाला खिळले. त्याच बारा दिवसांत मी उस्मानपुऱ्यातला जिना केला. जोशीबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका तिथे राहतात. वरच्या मजल्यावर त्यांनी स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका काढली आहे. तिला बाहेरून लोखंडी जिना हवा होता. सोळा पायऱ्या. मोजमापापासून बसवण्यापर्यंत सगळं मी एकट्यानं केलं. जोशीबाईंनी पेढे वाटले. मुलं दोन-दोन पायऱ्या टाकत वर पळाली, जिना घुमला, आणि कंपनीत गमावलेला माझा कणा मला परत मिळाल्यासारखा वाटला. त्या दिवशी मी घरी गाणं गुणगुणत गेलो, असं मंगल सांगते.

मामा उठून बसायला लागले तेव्हा मी त्यांना हे मोठ्या ऐटीत सांगितलं. ते चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

‘‘करंट कितीवर ठेवला व्हता?’’

‘‘ऐंशीवर. एवढं जाड लोखंड, आणि एकही भोक पडलं नाही.’’

मामा अगदी हळू म्हणाले, ‘‘उद्या जाऊन एकदा बघून येऊ, पाव्हणे.’’

माझं डोकं फिरलं. जावयाला रुसायला निमित्त लागत नाही, आणि माझ्याकडे तर एकोणीस वर्षांचा राग साठलेला होता. काय बघायचंय म्हणून मी विचारलं. दोन वर्षं तुम्हीच शिकवलंत, रोज देखणं झालं म्हणालात, मग आता काय? मामा नुसतं ‘तसं नाय’ म्हणत राहिले. शेवटी मी जे बोललो ते शब्द आजही माझ्या तोंडात कडू लागतात. ‘‘विश्वास नसेल तर सरळ सांगा. कंपनीनं सांगितलं तसं तुम्हीही सांगा, मी घरी बसतो.’’

मामांनी हात जोडले. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा माणूस, आजारातून उठलेला, त्यानं मला हात जोडले आणि म्हणाला, ‘‘नाय नाय, चुकलं माझं. झ्याक झाला आसंल जिना.’’

मी चार दिवस शेडकडे फिरकलो नाही. मंगलनं समजूत घातल्यावर पाचव्या दिवशी गेलो तर शेड बंद होती. मामांना धाप लागून दवाखान्यात नेलं होतं. पुढचे तीन आठवडे तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलता यायचं नाही. मी शेजारी बसलो की ते माझ्याकडे बघून तीन बोटं वर करायचे. आम्ही सगळे तर्क करायचो... तीन वाजता काही हवंय का, तीन गोळ्या झाल्यात का? मी मान हलवून हो म्हणायचो. मी हो म्हटलं की ते डोळे मिटायचे. आता आठवतं, की मी हो म्हणत होतो आणि त्यांना वाटत होतं, मला कळलं.

तेराव्याला पडेगावला गोडाचं जेवण होतं. पंगत बसली होती. जोशीबाई भेटायला आल्या, फोटोपुढे फूल ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, मामा किती भला माणूस, एवढी प्रकृती नसताना चार दिवस रिक्षानं मशीन घेऊन आले. नव्या जिन्याचे जोड महिन्याभरात पुन्हा पक्के करायची आमची पद्धत आहे, आमच्या जावयांनीच पाठवलंय, असं त्यांनी बाईंना सांगितलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जिन्याखाली आडवे पडून काम करायचे. मग बाई म्हणाल्या, ‘‘वरच्या तीन पायऱ्या राहिल्या. सोमवारी येतो म्हणाले होते. तोवर म्हणून खालून लोखंडी चाप लावून गेलेत. त्यातले दोन परवा आपोआप खाली पडले. मी उचलून कपाटात ठेवलेत, तुमची वस्तू आहे.’’

मला एकदम पंगतीचा आवाज ऐकू येईनासा झाला. उठून आत गेलो. मामी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना मी एवढंच विचारलं, की मामा माझी कामं परत करायचे का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा पदर सावरला नाही की उठून उभ्या राहिल्या नाहीत. ‘‘रोज करायचे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमी गूळ खाऊन गेले, की तुमचं समदं उकलायचे आन् नव्यानं जोडायचे. मंगलनं गळ घातली व्हती त्यान्ला, की आदीच खचलेत, काई बोलू नका. दोन वर्सात तुमच्या हातचं एक काम तसंच घराबाहेर पडलं नाय.’’ मग म्हणाल्या, ‘‘एक सोडून.’’

मी जेवलो नाही, कुणाला सांगितलंही नाही. मशीन रिक्षात टाकून उस्मानपुऱ्याला गेलो. पडेगावपासूनचा तो रस्ता एवढा लांब मला कधीच वाटला नव्हता. प्रत्येक सिग्नलला मला वरच्या पायरीवर पाय टाकणारं कुणीतरी दिसत होतं. पोहोचलो तेव्हा दोन मुली पुस्तकं छातीशी धरून वरून खाली येत होत्या, गप्पा मारत, त्या पायरीवर थांबून हसत. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, पण त्या घाबरून खाली पळाल्या. मग मी जिन्याखाली शिरलो.

भिंत आणि जिना यांच्या मधली ती जागा हातभर रुंद आहे. तिथं वारा येत नाही. माझी लांबी आणि माझा रंग जळून जो धूर निघाला असेल, तो तिथंच, मामांच्या तोंडावर साठला असणार. डॉक्टरांच्या कागदावर छातीत जंतुसंसर्ग असं लिहिलंय. लिहिलेलं असू दे. मी वर पाहिलं. प्रत्येक पायरीच्या पोटाला लोखंडावर खुणा करायच्या पांढऱ्या खडूनं, मामांच्या वाकड्या अक्षरात, एकच शब्द लिहिलेला होता. पुन्हा. सोळाही पायऱ्यांखाली. तेरा ठिकाणी त्यावर रेघ मारून तो खोडलेला होता, वरच्या तीन ठिकाणी तसाच होता. तो शब्द त्यांनी मला तोंडावर एकदा म्हटला असता, तर...

सगळ्यात वरच्या पायरीचे दोन्ही क्लॅम्प गेले होते. मी जोडावर हातोडी मारली. जोरात नाही, त्यांच्यासारखीच हलकी. टवका उडाला, लांबीचा भुगा डोळ्यांत पडला आणि जोड खपलीसारखा सोलून निघाला. आत सगळं काळं होतं. माझं सगळ्यात देखणं काम. दुसऱ्या टोकाचा जोड तर नुसता हात लावल्यावर हलला.

संध्याकाळपर्यंत मी तिथं होतो. लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, रॉड उन्हात तापवून घेतले, करंट एकशे तीसवर नेला. पहिला रॉड चिकटला. दुसऱ्या रॉडनं चर पडली. दोष कुणाला देणार? तोडलं, घासलं, नव्यानं केलं. एकेक जोड तीन-तीनदा केला. शेवटी स्वतः वर जाऊन तिन्ही पायऱ्यांवर उड्या मारल्या. जोशीबाई खालून बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, मामांच्या जाण्यानं या माणसाचं डोकं फिरलं. काही अंशी ते खरंही होतं. मग मी बाईंना म्हटलं, आता येऊ द्या मुलांना.

पाच आठवडे झाले. शेड मी चालवतो. पांढरा टॉवेल आणि खुर्ची काढून टाकली. मंगल आणि मी या विषयावर अजून बोललेलो नाही. ती एकटीच कधीतरी रडते. या शहरात कितीतरी खिडक्या, दारं, कठडे मी केले असं मी लोकांना सांगत फिरायचो. त्यांतलं माझं काहीच नाही, सगळं मामांचं आहे. माझं म्हणावं असं फक्त उस्मानपुऱ्यात आहे. काम नसलं तरी मी अधूनमधून तिकडे जातो आणि जिन्याखाली उभा राहतो. मुलं पुस्तकं घेऊन वर पळतात. मी मनात पायऱ्या मोजतो. तेराव्या पायरीपर्यंत मला काही वाटत नाही.